बाई, पाठीचं आधी ऐका

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या भेटीत तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि नंतर स्वतःचा हात पुसला नाहीत. मी त्याच क्षणी ठरवलं, या माणसाला सगळं सांगायचं. माझा हात लागला की समोरचा माणूस नकळत रुमाल शोधतो, हे बघतच माझी 62 वर्षं गेली होती.

तळहाताला घाम अगदी लहानपणापासूनचा. तासगाव तालुक्यात 32 वर्षं शिकवलं, तेव्हा खडूला कागद गुंडाळून लिहायची, नाहीतर दुसऱ्या ओळीपर्यंत त्याचा लगदा व्हायचा. पेपर तपासताना हाताखाली रुमाल असे, तरी एखाद्या पोराची शाई फुटायचीच. दिवाळीत रांगोळी चिमटीतून सुटत नसे, बोटांना थरच्या थर चिकटून बसे. मग मी दारात ठिपके काढायचं काम जावेकडे दिलं आणि स्वयंपाकघरात राहू लागले. असं एकेक काम हातचं सोडत गेले.

निवृत्त झाल्यावर वाटलं, आता उरलं किती? पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले तर मशीनवर अंगठा उमटेना. पदराला पुसून ठेवला, परत ठेवला. मागे रांग. मुलगा म्हणाला, "आई, असू दे, उद्या येऊ." घरी येऊन मी रडले.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेले होते. एकीकडे, "या वयात हात कोरडे करून काय करायचंय?" दुसरीकडे, "छोटं ऑपरेशन आहे, घाम कायमचा बंद," आणि लगेच पैसे कधी भरताय, हा प्रश्न. मी तर तिथेच भरायला निघाले होते.

मिरजेला तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मला "बाई" म्हणालात आणि एक प्रश्न विचारलात, जो कुणीच विचारला नव्हता: "झोपेत घाम येतो का?" येत नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा जरा सैलावला. म्हातारपणी नव्यानं सुरू झालेला, रात्री अंथरूण भिजवणारा घाम असेल तर आधी थायरॉईड, साखर, क्षय, गाठी, चालू गोळ्या असं सगळं तपासावं लागतं, हे तुम्ही समजावलंत. माझा तसा नव्हता, तरी रक्त तपासलंत, इको केलात, नाडी फार मंद नाही ना ते पाहिलंत. लहानपणी टीबी झाला होता का, हेही खोदून विचारलंत, कारण हाताच्या घामाचं हे ऑपरेशन छातीत दुर्बीण घालून करतात, आणि फुप्फुस छातीला आतून चिकटलेलं असेल तर ती आत जायला वाव राहत नाही.

त्यानंतरही लगेच ऑपरेशन नाही. ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध लावून झालं, पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून करंट घेऊन झाला. घाम कमी करणाऱ्या गोळ्या दिल्यात, पण मला नावं आठवेनाशी झाली, तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना. साठीनंतर या गोळ्या डोक्यावर असा परिणाम करू शकतात म्हणून तुम्हीच फोन करून बंद करायला लावल्यात.

आणि मग तो दिवस. मी म्हणाले, "करून टाका." तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. "बाई, पाठीचं आधी ऐका. हाताचा घाम थांबला की तो पाठीला, पोटाला, मांड्यांना वाढू शकतो. बऱ्याच जणांना वाढतो. काहींना इतका, की ऑपरेशन केल्याचा पस्तावा होतो. आणि एकदा झालं की मागे फिरता येईल याची खात्री नाही." नुसतं सांगून थांबला नाहीत. पस्तावलेल्या एका गृहस्थांना विचारून त्यांची माझ्याशी गाठ घालून दिलीत. त्यांनी बोलता बोलता दोनदा मान पुसली. कुठला डॉक्टर स्वतःचा न जमलेला रुग्ण दाखवतो?

पूर्ण भूल, दोन्ही काखेत बारीक छेद, एका वेळी एका बाजूचं फुप्फुस मिटवून आतली घामाची नस चौथ्या बरगडीवर तोडणं, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. तिसऱ्या बरगडीवर केलं तर हात जास्त कोरडे होतील, पण पाठीचा धोका थोडा वाढेल. चौथीवर हात जरा ओलसर राहिले तरी चालेल का? मी "चालेल" म्हणाले. तो कागद अजून माझ्या डायरीत आहे.

शुद्धीवर आले तेव्हा छाती ठणकत होती. सिस्टरनी माझी बोटं हातात घेतली आणि ती गरम होती. कोरडी आणि गरम. माझ्याच हाताचा स्पर्श मला ओळखू येईना.

वर्ष झालं. यंदा नोव्हेंबरात अंगठा पहिल्याच वेळी उमटला. दिवाळीला जाऊबाईंच्या शेजारी बसून 21 ठिपक्यांची रांगोळी काढली. पाठीला घाम येतो. मे महिन्यात दिवसातून दोनदा ब्लाउज बदलला, खुर्चीवर टॉवेल असतो. त्याचा त्रास होतो, पण धक्का बसला नाही, कारण तो येणार हे मला ठाऊक होतं. हे तुमच्यामुळे.

माझ्या वयाचं कुणी तुमच्याकडे आलं, विचारात पडलं, तर त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा. हातही बघू द्या त्यांना आणि टॉवेलही. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका