दळले म्हणजे वाहून गेले असे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंकखाली बसवायच्या फूड डिस्पोजरची, म्हणजे उरलेले अन्न दळून सांडपाण्याबरोबर सोडणाऱ्या यंत्राची, 'पाती' धारदार राहावीत म्हणून त्यात अंड्याची टरफले टाका, असा सल्ला घरगुती उपायांच्या सदरांत पुन:पुन्हा छापून येतो. तो कृपया थांबवावा. या यंत्रात पाती नसतातच. तळाशी वेगाने फिरणारी धातूची चकती असते आणि तिच्यावर सैलसर बसवलेले जाड ठोकळे असतात. चकती फिरली की अन्नाचे तुकडे कडेला फेकले जातात आणि तिथल्या खाचांच्या कड्यावर किसणीवर किसावे तसे घासले जाऊन बारीक होतात. धार लावण्याजोगे आत काही नाही. टरफलांची मात्र वाळूसारखी भुकटी होऊन ती ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वळलेल्या पाइपाच्या, वाकात बसते आणि आतला पापुद्रा कड्याला चिकटतो.

काय टाकावे हे ठरवताना बहुतेक जण यंत्राची ताकद बघतात. बघायला हवा तो पाइप. कॉफीचा चोथा हे याचे चांगले उदाहरण. तो मुळातच बारीक असतो, यंत्रातून विनातक्रार जातो आणि म्हणूनच निर्धोक वाटतो. पण तो जड असतो, पाण्याबरोबर तरंगत नाही, पाइपाच्या तळाशी थर धरतो. त्याला जरासे तेल मिळाले की तो थर घट्ट होतो.

फळांच्या फोडी, सफरचंदाचा गाभा, काकडी-गाजराचे तुकडे, शिजलेली मऊ भाजी, ताटात उरलेले चार घास हे सगळे बिनधास्त टाकावे. लिंबा-संत्र्याची सालेही चालतात, फक्त लहान तुकडे करून. भाताचे गणित वेगळे आहे. दळलेल्या भाताची खळ होते. चमचाभर असेल तर ती निघून जाते, वाटीभर एकदम ढकलला तर ट्रॅपमध्ये साचते आणि मागून येणारा प्रत्येक कण तिला चिकटतो. पास्ता, ब्रेड आणि बटाट्याच्या सालांचा ढीग यांचेही तेच होते. मक्याची पाने, केळीची साल, कांद्याची वरची साले, पालेभाज्यांचे जून देठ यांचे धागे नीट तुटत नाहीत. ते ठोकळ्यांभोवती गुंडाळले जातात. कोयी, शिंपले आणि जाड हाडे कचऱ्याच्या डब्यातच जावीत. लहान हाडे सूचनापुस्तिकेत परवानगी असेल तरच टाकावीत.

तेल-तूप आणि चरबी अजिबात नको. याबाबतीत एक चूक फार घरांत होते, ती म्हणजे गरम पाणी सोडणे. गरम पाण्याने चरबी वितळते, सिंक स्वच्छ दिसते, पण पुढे पाइप थंड असतो आणि तिथे ती आतल्या भिंतीवर गोठते. थंड पाण्यात चुकून आलेली चरबी घट्टच राहते, तिचे कण होतात आणि ते वाहून जातात. म्हणून यंत्र चालू असताना पाणी नेहमी थंडच हवे. दहा सेकंदांत एक लिटरचे भांडे भरेल एवढी धार ठेवावी. आधी पाणी, मग यंत्र, मग मूठ-मूठभर कचरा. दळण्याचा खरखराट थांबून नुसते फिरण्याचा आवाज राहिला की यंत्र बंद करावे आणि पाणी आणखी अर्धा मिनिट वाहू द्यावे. या अर्ध्या मिनिटात कंटाळा केला की दळलेला लगदा आडव्या पाइपातच राहतो.

यंत्र नुसते घूं करत असेल आणि चकती फिरत नसेल तर लगेच बंद करावे, नाहीतर मोटर तापते. प्लग काढावा. बऱ्याच मॉडेलांच्या बुडाशी मधोमध षटकोनी भोक असते. त्यात अ‍ॅलन की (अशा भोकात बसणारी षटकोनी टोकाची वाकडी चावी) घालून दोन्ही बाजूंना हलवत चकती पूर्ण मोकळी फिरेपर्यंत फिरवावी. अडकलेली वस्तू टॉर्च लावून चिमट्याने काढावी. प्लग काढलेला असला तरी हात आत घालू नये. दहा-पंधरा मिनिटांनी बुडाचे लाल बटण दाबून मग प्लग लावावा.

चकती फिरते पण पाणी तुंबते, तेव्हा दोष बहुधा ट्रॅपचा असतो. खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा आणि धुवावा. ड्रेन साफ करायचे तीव्र रसायन ओतू नये. ते यंत्रात साचून राहते, रबर आणि धातू खाते आणि यंत्र सुरू करताच तोंडावर उडू शकते.

वासाची तक्रार असेल तर लिंबाच्या फोडी टाकण्याआधी सिंकच्या तोंडाशी असलेली रबरी झडप उलटून बघावी. खालच्या बाजूला काळा बुळबुळीत थर सापडतो. प्लग काढून जुन्या टूथब्रशने आणि भांड्यांच्या साबणाने तो घासून काढावा.

ज्या घरांचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते, त्यांनी डिस्पोजर बसवण्याआधीच विचार करावा. दळलेले अन्न टाकीत गाळ म्हणून साठते, टाकी लवकर उपसावी लागते, आणि उपसायला उशीर झाला तर गाळ शोषखड्ड्याकडे जाऊन तिथली माती बंद करतो. अशा घरांत साली आणि देठ कंपोस्टमध्ये घालावेत.

आपला,
एक नियमित वाचक