रात्रीच्या मामांबद्दल, आणि बाकीचं

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी ठरलेलं सांगते, मग रागवा. सोमवारपासून रात्री 8 ते सकाळी 8 दवाखान्यात बाबांजवळ ब्यूरोचे मामा, म्हणजे पेशंटची देखभाल करणारा माणूस, राहतील आणि आई, तू घरी झोपायचंस. पंधरा दिवसांचे पैसे भरून झालेत, त्यामुळे "नको गं, मी आहे ना" आता नाही.

तुझं काही कमी पडलं म्हणून हे केलेलं नाही, हे आधी मनातून काढ. बाबांच्या उजव्या पायाचा, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग आठ दिवसांत आटोपत नाही. डॉक्टरांनी शिरेतून सहा आठवडे अँटिबायोटिक सांगितलंय आणि त्यातले दोनच झालेत. उरलेले चार त्या रेक्झिनच्या बाकड्यावर काढलेस तर तुझा गुडघा आणि बीपी काय म्हणतील? पण खरं कारण वेगळंच आहे. बाबा, तुम्ही संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. रात्री पॉटसाठी आईला उठवायला नको म्हणून. सिस्टर लिहितात त्या तक्त्यात ते स्पष्ट दिसतं: दीड लिटर ठरवून दिलंय, पोटात लिटरभरही जात नाही. क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर, लक्ष ठेवावं लागतंय, शौचाला होत नाही, उठून बसलं की गरगरतं, ते यामुळेही. आणि आई, तू त्यांच्या कूस बदलण्याच्या आवाजासाठी जागी. एकमेकांची झोप जपता जपता दोघांचीही जातेय. मामांकडे पॉट मागायला संकोच कसला, त्यांचं ते कामच आहे.

मामांना पहिल्या रात्री तूच सगळं दाखव. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण ओढून नाही. खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून. ओढलं की कातडी घासते आणि माकडहाडावर जखम होते. डावी टाच, म्हणजे बाबांची चांगली टाच, गादीला टेकू द्यायची नाही. पोटरीखाली आडवी उशी, टाच अधांतरी, गुडघा किंचित वाकलेला. मधे भोक असलेली गोल उशी शेजारच्या काकूंनी कितीही सुचवली तरी नको, तिच्या कडांनीच रक्त अडतं. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं. लाली विरली तर ठीक. नाही विरली तर तिथे चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, सिस्टरना दाखवायचं.

आणि आई, आजीची गोधडी. बाबांच्या अंगाखाली मऊ लागावं म्हणून तू ती हवेच्या गादीवर अंथरलीस, कळतंय मला. पण त्या गादीचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यावरच तिचं सगळं काम चालतं. वर जाड काही घातलं की ती साध्या गादीसारखी होते. एकच पातळ चादर घाल, तीही ताणून खोचू नकोस. गोधडी अंगावर घाला, बाबा. ताप आला की तिच्यात तोंड खुपसून मी पडायचे आणि तुम्ही कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायचात. तुमच्यासाठी आता ती तिथेच असू दे.

व्हॅकचं, म्हणजे जखमेतला स्राव ओढून घेणारं, मशीन ओरडलं की घाबरायचं नाही. बहुतेक वेळा फिल्म कुठेतरी सुटलेली असते किंवा डबा भरलेला असतो. पण आवाज बंद करून झोपायचं नाही. ओढ बंद पडून दोन तासांच्या वर गेले तर तो फोम जखमेत ठेवून चालत नाही, काढावाच लागतो. ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी बदलतात. त्या दिवशी अर्धा तास आधी दुखण्याचं औषध मागून घ्यायचं. बाबा, "सहन होतंय" असं म्हणू नका, तिथे बहादुरीचं बक्षीस मिळत नाही. उजव्या दंडातली अँटिबायोटिकची नळी सहा आठवडे टिकवायचीय, म्हणून बीपीचा पट्टा आणि रक्त घेणं डाव्या हातावरच. नवीन मुलगी ड्युटीवर आली तर तुम्हीच सांगा. हुडहुडी भरून ताप आला, किंवा दंड सुजला, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

जेवणाचं. इन्सुलिन टोचायच्या आधी ताट समोर हवं. ट्रे वर यायला उशीर होतो आणि सुई वेळेवर येते, तिथेच घोळ होतो. घाम, थरथर, बोलणं तुटक वाटलं तर साखर तपासायला सांग, आणि बाबा नीट गिळत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच दे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगीत असतील तर तोंडात काहीच घालायचं नाही, बेल दाबायची. जखम भरायला प्रथिनं लागतात, पण किती ते क्रिएटिनिन बघून आहारतज्ज्ञ ठरवतील. त्यांनी मुगाचं धिरडं आणि अंड्याचा पांढरा भाग चालेल म्हटलंय, तेवढाच डबा. भेटायला येणारे शहाळी आणतात. त्यातलं पोटॅशियम सध्या नको. ती मावशींना देऊन टाक.

बाबा, परवा संध्याकाळी तुम्हाला आपण पेठेतल्या वाड्यात आहोत असं वाटलं, त्याचं मनाला लावून घेऊ नका. जंतुसंसर्ग, मोडलेली झोप आणि चोवीस तास तोच ट्यूबलाइट, यांनी भल्याभल्यांचं तसं होतं. दिवसा पडदा उघडा, चष्मा डोळ्यावर, ऐकायचं मशीन कानात. आई, "आज वार कोणता?" अशी परीक्षा घेऊ नकोस, चिडतात. "सकाळ" हातात दे आणि खडकवासल्यातून किती पाणी सोडलं ते विचार. चारही धरणांचे आकडे सांगतील. मामांना 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर ऐकवा, बाबा. आम्हाला पाठ झालाय, त्यांना नवा आहे.

कवळी पाण्याच्या डबीतच ठेवायची. टिश्यूत गुंडाळलेल्या कवळ्या केरात जातात. पलंगावरून उतरताना दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, मगच वॉकर. उजवा पाय टेकवायचा नाही, "जरासा" सुद्धा नाही. विम्याची मंजुरी वाढवून घ्यायचं मी इथून बघतेय, त्यात दोघांनी डोकं घालू नका.

आई, सकाळी सावकाश आवर. आठला ड्युटी बदलते, त्या गडबडीत तुझं तिथे काही काम नसतं. राउंडच्या आधी नऊला पोच. डॉक्टरांना विचारायचं ते वहीत लिहून ने. वनाझहून नळ स्टॉपपर्यंत मेट्रोने जा, स्टेशनला लिफ्ट आहे; पावसात कर्वे रोडवर रिक्षासाठी उभी राहू नकोस. रात्री पोळी-भाजी खायची, दूध-केळं हे जेवण नव्हे. बीपीची गोळी डबीत वारांप्रमाणे भरून ठेवलीय. शनिवारी आले की मी कप्पे मोजणार आहे.

पहिल्या रात्री झोप लागणार नाही तुला. मामांना नऊ वाजता फोन करायला सांगितलंय, बाबांशी बोलूनच दिवा मालव. त्यांच्या पलंगाकडचा आवाज ऐकू येणार नाही, ते मला कळतंय. दोन-चार रात्री जातील.

मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतेय, दुपारपर्यंत तिथे असेन. बाबांचा वाचायचा जुना चष्मा कपाटाच्या वरच्या खणात आहे, तो काढून ठेव. नव्याची काडी सैल झालीय.

तुमची,
मनू