आमच्या आयींना, काकांना आणि बाराव्या मजल्यावरच्या आजींना

शांघायला येऊन वर्ष झालं. ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत आणि त्यांना मराठी येत नाही, तरी लिहितेच.

इथे मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. आमच्या धाकट्याला वाटलं, या शहरात प्रत्येक जिन्यात एक आई ठेवलेली असते! आमची आयी कचऱ्याच्या डब्यांपाशी. १ जुलै २०१९ पासून इथे कचरा चार प्रकारांत वेगळा करावा लागतो. ओला कचरा पिशवीतून डब्यात ओतायचा, पिशवी मात्र सुक्यात. नारळाची करवंटी मी ओल्यात टाकायची. झाडाचीच ना ती? पण नाही, इथे ती सुक्यात जाते. तीनदा त्यांनी मान हलवली. चौथ्यांदा हातमोजे घालून स्वतःच काढली आणि खळखळून हसल्या. त्या आठवड्यात आमच्याशी हसलेलं ते पहिलं माणूस.

एकदा गॅस बंद पडला. फोनवरच्या भाषांतराने काय सांगितलं देव जाणे, पहारेकरी काका आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. मीटरमधले सेल संपले होते. काकांनी आपल्या टॉर्चमधले काढून बसवले, पैसे घेतले नाहीत.

पोलीस चौकीतली पत्त्याची नोंद, जून-जुलैच्या पावसात कपाटाला आलेली बुरशी, कशाकशाला कोण धावलं, सगळं सांगत बसत नाही.

दिवाळीत आजींना चकल्या दिल्या. डबा संत्री भरून परत आला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवलं?