तवा पुलाव शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला तवा पुलाव शिकवलात आणि शिकवताना हातचं काही राखून ठेवलं नाहीत. ज्या पदार्थावर तुमचं घर चालतं, त्याची चटणी कशी वाटायची, भात कधी शिजवायचा, लोणी कुठल्या क्षणी टाकायचं, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? तुम्ही सांगितलंत. म्हणून हे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

डोंबिवलीला लोकलमधून उतरणाऱ्या बायकांची संध्याकाळ तुम्ही रोज बघता. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, सासरे जेवणाची वाट बघत असतात आणि मुलांना गाडीवरचं काहीतरी झणझणीत हवं असतं. पार्सल नेणं सोपं होतं, पण सासऱ्यांच्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. हे तुमच्याशी बोलता बोलता निघालं, तर तुम्ही लगेच म्हणालात, "मग घरीच करा की ताई. उद्या गर्दी व्हायच्या आत या, दाखवतो." स्वतःचं एक पार्सल कमी होणार, हे कळत असूनही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुरुवात चटणीपासून केलीत, आणि आता मला पटलंय की अर्धा पुलाव त्या चटणीतच असतो. बेडगी मिरच्यांच्या बिया झटकायच्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. आठ-दहा मिरच्यांना तेवढ्याच लसणाच्या पाकळ्या, थोडं जिरं, आणि वाटताना पाणी जवळजवळ नाहीच. बोटावर घेतली तर घसरू नये, इतकी घट्ट. बेडगी रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, त्यामुळे सासऱ्यांचा पुलावही गाडीवरच्यासारखा लालभडक दिसतो आणि त्यांच्या पोटाला त्रास होत नाही. (या मिरचीचं नाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून आलं आणि 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी नंतर वाचलं. तुमच्या डब्यातली मिरची इतकी मान्यताप्राप्त आहे, हे तुम्हालाही कळावं.) मुलांच्या वाटणीच्या चटणीत मी दोन संकेश्वरी मिरच्या घालते. मग घाम पुसत जेवतात.

तव्यावरचं तुमचं काम मात्र शब्दांत पकडणं अवघड आहे. मधोमध तापलेलं तेल, त्यात लोण्याचा तुकडा. नुसतं लोणी घेतलं तर त्यातला दुधाचा अंश करपतो, म्हणून आधी तेल. जिरं, कांदा, बारीक उभी चिरलेली सिमला मिरची, आणि ती कुरकुरीत असतानाच चटणी. चटणी तेल सोडेपर्यंत तुम्ही दुसऱ्या कशाला हात लावत नाही. कच्च्या लसणाचा उग्र वास जाऊन खमंग वास सुटला की टोमॅटो, हळद, पावभाजी मसाला. टोमॅटो उलथण्याच्या पाठीने दाबून दाबून एकजीव केलात, सुकायला लागल्यावर पाण्याचा हलका शिपका मारलात आणि मग उकडलेले मटार, गाजर, बटाट्याच्या फोडी. तयार झालेला भाग काठाकडे सरकवून मध्ये पुढचं काम सुरू. काठाला आच कमी लागते, त्यामुळे तिथे ठेवलेलं गरम राहतं पण जळत नाही. एकाच तव्यावर स्वयंपाकघर आणि फडताळ दोन्ही तुम्ही मांडलेलं आहे.

मी विचारलं, घरी एवढा तवा कुठून आणू? तुमचं उत्तर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं: "शेगडी लहान तर घाणा लहान. दोघांचाच भात एका वेळी." घरच्या कढईत चौघांचा भात एकदम टाकला की कढई थंड पडते, वाफ आत कोंडते आणि पुलावाची खिचडी होते. दोघांचा टाकला तर दाणा न् दाणा परतला जातो. मी घरचा पोळीचा लोखंडी तवा न वापरता पसरट लोखंडी कढई घेते, आच शेवटपर्यंत मोठी.

आणि भात. जुना बासमती, भरपूर पाण्यात, दाणा किंचित कच्चा असतानाच निथळायचा आणि परातीत पसरायचा. गार झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून परतताना दाणा मोडत नाही. पण रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरायचा नाही, यावर तुम्ही अगदी कडक होतात. "दुपारी केलेला संध्याकाळी संपवतो, उरला तर विकत नाही," असं म्हणालात. भातातले काही जिवाणू शिजवूनही टिकतात आणि उबेत राहिलेल्या भातात जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. गाडीवरचं खाणं म्हटलं की नाकं मुरडणारी माणसं असतात. त्यांनी तुमची भाताची परात बघावी. मी सकाळी निघायच्या आधी भात करते, पसरते आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांत ताटं वाढून होतात.

मिठाचंही तुम्ही लक्षात ठेवलंत. विकतचं बटर खारट असतं, मसाल्यात मीठ असतं, म्हणून वरून मीठ घालायच्या आधी चाखा, असं सांगितलंत. सासऱ्यांच्या घाण्यात मी घरचं, बिनमिठाचं लोणी घालते, तेही चमचाभर, आणि शेवटी लिंबू सढळ हाताने पिळते. आंबट असलं की मिठाची उणीव भासत नाही. त्यांनी परवा दुसऱ्यांदा वाढून घेतला. गेले काही महिने "जेवण बेचव आहे" म्हणत ताट अर्ध्यावर सारणारा माणूस आहे तो, काका.

पावभाजी मुंबईत गिरणी कामगारांच्या पोटापाण्यासाठी सुरू झाली, असं सांगतात. पाळी संपवून आलेल्या माणसाला चटकन, गरम आणि पोटभर काहीतरी मिळावं म्हणून. तवा पुलाव त्याच तव्यावर, त्याच मसाल्यात वाढला. गिरण्या गेल्या, पण थकून उतरणारी माणसं अजून आहेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत उभे असता. तुमचे गुडघे दुखतात हे तुम्ही एकदाच बोललात. त्यावर काहीतरी औषधपाणी करा, एवढं माझं ऐका.

एक शंका राहिली आहे. कोथिंबीर तुम्ही अर्धी भातासोबत परतता आणि अर्धी वरून घालता, पण माझी परतलेली काळी पडते. येत्या शनिवारी डबा घेऊन येते. चाखून सांगा, आणि कोथिंबीर कधी टाकता तेही पुन्हा एकदा दाखवा.

तुमची,
रोजची पार्सलवाली ताई