उभं झाड मिळाल्याशिवाय कटर शिकवायचा कसा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरग जवळ आला की आमच्या दापोली-मंडणगड भागात वाडीवाडीत कटरचा आवाज सुरू होतो. कौलांवर आलेल्या फांद्या, लाईटच्या तारेकडे वाकलेली झाडं, जे काय असेल ते पावसाच्या आत उरकायचं असतं. कटर म्हणजे ती पेट्रोलवरची चेनची करवत, आता ऑनलाईन पण मिळते आणि तालुक्याच्या दुकानात पण मिळते, दुकानदार चालू कशी करायची ते पाच मिनिटांत दाखवतो, पोरगं घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी लोकांची झाडं पाडायला जातं. मधलं शिक्षण कुठेच नाही. त्या मधल्या शिक्षणाबद्दल हे पत्र आहे.

मी हे काम शिकवतो. निसर्ग वादळानंतर सुरू केलं. 3 जून 2020 ला ते वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, आमच्याकडे माड, पोफळी, कलमं अशी आडवी झाली की आठवडाभर रस्ते मोकळे होत नव्हते आणि ज्याच्याकडे कटर तो वाडीतला देव अशी परिस्थिती होती. आमच्या शेजारच्या वाडीत एका पोराने मुळासकट कलंडलेला फणस कापायला घेतला. मुळांबरोबर मातीचा मोठा गड्डा उभा राहिलेला होता, बुंधा मुळांपासून सुटला तसा तो गड्डा वजनाने धाडकन परत खड्ड्यात बसला, बुंध्याने उसळी मारली आणि पोराचा पाय मांडीत मोडला. वाचला हे नशीब. अशा झाडाला आधी दोर लावून नाहीतर टेकू देऊन गड्डा पक्का करायचा असतो आणि मुळाच्या मागे किंवा गड्ड्याखाली कुणालाही उभं राहू द्यायचं नसतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी हाताला सवय नसेल तर ऐन वेळी ते आठवत नाही हे मी शिकवता शिकवता शिकलोय.

झाड पाडणं म्हणजे नुसतं कापणं नाही. आधी झाडाचा कल बघायचा, डोलारा कुठल्या बाजूला जड आहे, वारा कुठून आहे, शेजारच्या झाडात फांदी अडकेल का. आपण पळायचं कुठे ती वाट आधीच साफ करून ठेवायची, पडणाऱ्या दिशेच्या उलट पण तिरकी, सरळ मागे नाही कारण बुंधा मागे सरकू शकतो. बाकीच्या माणसांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब थांबायचं. मग पडायच्या बाजूला खाच, बुंध्याच्या जाडीच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खोल, मग मागचा काप, आणि दोन्हीच्या मध्ये न कापलेली एक पट्टी सोडायची, जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तिला आम्ही बिजागरी म्हणतो, कारण दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरत खाली येतं. ही पट्टी राहिली तर झाड तुमचं ऐकतं. पूर्ण कापली तर ते कुठेही जाईल. आणि पुढे झुकलेल्या झाडाला मागून हळूहळू कापत गेलात तर खोड उभं फाटतं आणि मागचा भाग छातीच्या उंचीवर मागे फेकला जातो.

आता हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवतो, व्हिडिओ दाखवतो, आडव्या ओंडक्यावर खाच मारून घेतो, ओंडका उभा पुरून पण करून बघितलं. पण पुरलेल्या ओंडक्याला वर डोलारा नसतो, वजन नसतं, तो तुमच्याकडे येत नाही. पाचर ठोकल्यावर झाड वर किंचित हलतं आणि चेनने पाडलेली फट उघडते तो क्षण ओंडक्यावर कधीच कळत नाही. माझ्या अंदाजाने एका पोराला स्वतःच्या हाताने दहा-पंधरा उभी झाडं पाडायला मिळाली तर त्याला एकटं सोडायचा विश्वास येतो, म्हणजे दहा पोरांच्या बॅचला शंभर-दीडशे झाडं. ती आणायची कुठून?

मी झाडं मागत फिरलो. एका ऑफिसात अर्ज दिला, की रस्त्याच्या कामात जी झाडं जाणारच आहेत, परवानगी झालेली आहे, त्यातली बारीक झाडं दोन दिवस आधी आम्हाला द्या, लाकूड आम्ही घेत नाही, तुमच्या माणसासमोर पाडतो. उत्तर आलं की झाडं ठेकेदाराला गेली, त्याच्याशी बोला. ठेकेदार म्हणाला माझ्याकडे जेसीबी आहे, मी शिकाऊ पोरांसाठी थांबू कशाला. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र आनंदाने हो म्हणाले आणि दाखवलं काय तर तारेला लागून असलेला, आतून पोकळ झालेला वाळका वड, कारण तो पाडायला कुणी तयार होत नव्हतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण शिकणाऱ्याला असं झाड देणं म्हणजे पोहायला शिकवायला पुरात उतरवणं आहे. वाळलेल्या, किडलेल्या झाडाची बिजागरी धरत नाही, वरून फांद्या तुटून डोक्यात येतात. ब्रिटनमध्ये अ‍ॅश नावाच्या झाडावर बुरशीचा रोग आला, 2012 पासून तो तिथल्या जंगलात पसरलाय, रस्त्याकडेची रोगट झाडं भराभर पाडावी लागतायत, पण लाकूड ठिसूळ झाल्यामुळे तेच झाड आता अनुभवी माणसांचं काम समजलं जातं. नवशिक्याला हवं सरळ, निरोगी, मध्यम जाडीचं झाड, आजूबाजूला मोकळी जागा, तार नाही, घर नाही. ब्रिटनमध्ये कटरवाल्यांच्या सुरुवातीच्या परीक्षेला 380 मिलीमीटर जाडीची मर्यादा असते, म्हणजे साधारण सव्वा फूट. अशी झाडं तिथे जंगलाचे मालक विरळणीतून, म्हणजे दाट लागवडीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करतात त्यातून, ट्रेनिंगवाल्यांना देतात, मालकाची विरळणी होते, पोरांचे हात तयार होतात.

आणि आपल्याकडे अशी झाडं नाहीत का? भरपूर आहेत. सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणात माळामाळावर उभी आहे, एका रांगेत, त्यातली सरळ बघून घेतली तर शिकायला याच्यापेक्षा चांगलं झाड नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस वगैरे झाडं आहेत, ही बाभूळ त्यात नाही. वनविकास महामंडळाच्या सागाच्या लागवडीत विरळणी करावीच लागते, नाहीतर उरलेला साग जाड होत नाही. काजूच्या बागेत खोडकिड्याने गेलेलं झाड काढून टाकायला शेतकऱ्याला मजूर मिळत नाही (ही झाडं पहिल्या दिवशीची नाहीत, शेवटच्या आठवड्यातली, पण बुटकी असतात म्हणून चालतात). जुन्या हापूसच्या बागांची छाटणी करून त्या पुन्हा फळावर आणायची पद्धत आपल्या दापोलीच्या विद्यापीठानेच सांगितलेली आहे, त्याला उंचावर कटर चालवणारी माणसं लागतात आणि ती नाहीत म्हणून बागायतदार अडून बसलेत. म्हणजे एका बाजूला पाडायची झाडं आहेत, दुसऱ्या बाजूला शिकायला तयार पोरं आहेत, मध्ये फक्त एक कागद नाही.

तो कागद व्हावा एवढीच मागणी आहे. आयटीआय किंवा दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय, वन विभाग, सामाजिक वनीकरण आणि आमच्यासारखे शिकवणारे यांच्यात तालुक्यापुरता करार करा. कापायच्या झाडांची यादी तयार झाली की त्यातली शिकायला योग्य झाडं आधी ट्रेनिंगला जाऊ देत, लाकूड मालकाचं किंवा सरकारचं, एक ढलपी पण आमची नाही. हेल्मेट, कापापासून वाचवणारी पँट, बूट, कानाचं संरक्षण आणि पोरांचा विमा हे ट्रेनिंगवाल्याने दाखवल्याशिवाय झाड मिळू नये, हे मी स्वतः शिकवणारा असून सांगतो, कारण हाफ पँट आणि स्लिपरवर कटर चालवणारे मी रोज बघतो. नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढायचं ट्रेनिंग सुरू केलं, मशीन दिलं, विम्याची सोय केली, म्हणजे जमतं, आपल्या देशात जमलेलं आहे.

काही पर्यावरणवाल्या मित्रांना भीती वाटते की ट्रेनिंगच्या नावाखाली चांगली झाडं जातील. ही भीती खोटी नाही, कोकणात खाजगी जंगलं कशी साफ झाली ते आम्ही डोळ्याने बघितलंय आणि माझाही त्यावर राग आहे. म्हणूनच म्हणतो ट्रेनिंगसाठी एकही नवीन झाड मंजूर करू नका, आधीच मंजूर झालेल्यातलंच द्या, खुणा वन विभागानेच करू देत आणि यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. उलट शिकलेला माणूस झाडं वाचवतो पण, कुठली फांदी काढली की झाड तारेपासून सुटेल हे त्याला कळतं, न शिकलेला सरळ बुंध्याला कटर लावतो.

माझ्याकडे आत्ता नऊ पोरं आहेत, दोघांकडे स्वतःचा कटर आहे, ओंडक्यावरचं सगळं त्यांचं झालंय. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये त्यांना उभ्या झाडावर घ्यायचं आहे. तालुक्यात कुणाच्या माळावर ऑस्ट्रेलियन बाभळीची काढायची रांग असेल, कागदपत्रं नीट असतील, तर फुकट पाडून, फांद्या साफ करून, ओंडके करून देऊ. आणि वन विभागाने बोलावलं तर अर्ज घेऊन दुसऱ्या दिवशी हजर होईन.

आपला,
एक कटर प्रशिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी