परसातल्या बेडकांविषयी सर्व सभासदांना सूचना

नमस्कार मंडळी,

पावसाने जोर धरलाय आणि परसात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) बेडूक दिसू लागलेत. कृपया त्यांना हाकलू नका. डास, किडे, वाळवीची पाखरं खाऊन ते आपल्याच झाडांची राखण करतात.

टाकीच्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या पानावर साबणाच्या फेसासारखा पांढुरका गोळा दिसला, तर धुऊन काढू नका. त्यात झाडावरच्या बेडकाची अंडी असतात. पिल्लं सुटली की खालच्या पाण्यात पडतात. आसपास कीटकनाशक तर मुळीच मारू नका, बेडकाची ओली कातडी ते थेट शोषून घेते. उघड्या टाकीत एक फळी तिरकी सोडून ठेवा, म्हणजे आत पडलेला जीव वर येईल.

आफ्रिकन गोगलगायी मात्र वेचायलाच हव्यात. रात्री, हातमोजे घालूनच, कारण त्यांच्यात माणसाच्या मेंदूला बाधणारे जंत असू शकतात. मिठाच्या पाण्यात बुडवा. वाफ्यात मीठ टाकाल तर माती खराब होईल.

आणि ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, कोणी रात्री बॅटरी घेऊन शेतात बेडूक पकडताना दिसलं, तर लगेच वनखात्याला कळवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.