पंख्याच्या विमानाविषयी

म्हापसा, गोवा

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. जळगावहून गोव्याला येण्यासाठी चिरंजीवांनी फ्लाय ९१ या विमानकंपनीची तिकिटे काढली, परंतु ते ‘पंख्याचे विमान’ आहे असे कळल्यापासून वहिनींनी रेल्वेचा धोशा लावला आहे, असे तू लिहितोस. त्या विमानाने मी जाऊन आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंखे बाहेर दिसतात म्हणून विमान जुनाट, हा समज प्रथम काढून टाक. तुमचे विमान एटीआर ७२-६०० जातीचे; त्याच्या पंख्यामागे जेटप्रमाणेच टर्बाइन इंजिन असते. फक्त त्याची बहुतेक शक्ती मागे झोत फेकण्याऐवजी सहा पात्यांचा पंखा फिरवण्यात खर्च होते. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला आणि जवळच्या पल्ल्याला ही रचना जेटपेक्षा कमी इंधनात भागवते, शिवाय तिला आखूड धावपट्टीही पुरते. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावरची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची, पण तेथेही एटीआर उतरते. कंपन्या अशी विमाने घेतात यात सरकारी हिशेबाचाही भाग आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ असते आणि ४०,००० किलोंहून हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकरही कमी लागतो. सत्तरेक आसनांचे एटीआर या दोन्ही सवलतींत बसते. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेतील पहिले उड्डाण, एप्रिल २०१७ मधील सिमला ते दिल्ली, अलायन्स एअरच्या एटीआर ४२ नेच झाले होते.

विमानात मागच्या दाराने चढावे लागते, कारण सामानाची जागा पुढे, वैमानिकांच्या पाठीशी असते. उजवीकडचा पंखा स्थिर आणि तरी इंजिन मात्र घरघरत आहे, असे दिसले तर वहिनींना घाबरू देऊ नकोस. या विमानात वेगळे सहायक इंजिन नसल्यामुळे त्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन तेवढे चालू ठेवतात आणि त्यातून वीज व थंड हवा घेतात. आसने दोन-दोनच्या ओळींत असतात, त्यामुळे मधल्या खुर्चीत अंग चोरून बसण्याची शिक्षा कोणालाच नाही. पंख्यांच्या रेषेतल्या ओळींत आवाज फार, तेव्हा मागची जागा घे. पंख वर असल्याने खाली पाहताना ते आड येत नाहीत, आणि आकाश निरभ्र असेल तर अजिंठ्याचे डोंगर, गोदावरी-भीमेची खोरी आणि अखेरीस सह्याद्रीची कड हे सारे जेटच्या उंचीवरून दिसते त्याहून कितीतरी स्पष्ट दिसते. मला तर तिकिटाचे अर्धे पैसे तेथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

हादऱ्यांबाबत मात्र खोटे सांगणार नाही. जेट विमाने ३५,००० फुटांवर जाऊन बरेचसे ढग पायाखाली घालतात. हे २०,००० फुटांच्या आतबाहेर राहते, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी ते चांगलेच हलते. त्याने विमानाला काही होत नाही, पोटाला होते. पट्टा बांधलेला ठेवा आणि निघताना भरपेट जेवू नका.

माझ्या मते खरी कच्ची बाजू यंत्राची नसून वेळापत्रकाची आहे. लहान कंपनीकडे विमाने मोजकीच असतात आणि तेच विमान दिवसभर गावोगाव फिरत असते. सकाळी एका ठिकाणी धुक्याने अडकले की संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या लांबतात, आणि रद्द झालीच तर पुढची फेरी कदाचित दोन दिवसांनी. म्हणून परतताना त्याच दिवशी पुढची गाडी किंवा लग्नाचा मुहूर्त गाठायचा बेत ठेवू नकोस. एवढी सवड ठेवलीस, तर पुणे-मनमाडवरून फिरत येणाऱ्या गाडीत रात्र काढण्यापेक्षा हे दीड तासाच्या आसपासचे उड्डाण शतपटीने बरे.

तिकिटावरची तारीख व वेळ तेवढी कळव. मी मोपा विमानतळावर घ्यायला येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत